श्रीपतीची तोंडी परीक्षा

एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणजे शाळेतला नव्हे हो, चांगला बेचाळीस वर्षांचा. नाव श्रीपती. गावच्या दूध डेअरीत कारकून होता आणि बाहेरून मनुष्यबळ विकासाचं एम. ए. करत होता. माणसांना कामावर कसं घ्यायचं, कसं सांभाळायचं, याचं ते शिक्षण.

सगळी पुस्तकं वाचून झाली. राहिली होती शेवटची सर्वंकष परीक्षा. दोन वर्षांचं सगळं तीन दिवसांत विचारतात, दोन दिवस लेखी नि तिसऱ्या दिवशी तोंडी. श्रीपती दोनदा आपटला होता. ही तिसरी खेप, आणि चौथी मिळत नाही.

डेअरीचे चेअरमन म्हणाले होते, "श्रीपतराव, पास झालात की मनुष्यबळ अधिकारी तुम्हीच." त्याच्या बायकोनं, कलावतीनं, दुसऱ्याच दिवशी त्याच्या नावाची पितळी पाटी करून आणली. रोज ती चिंच लावून घासायची. बाई हौशी. शिवाय हुशार, कारण हीच परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती.

पहिल्या पेपरला निघताना ती म्हणाली, "अहो, पाल्हाळ लावू नका. थोडक्यात लिहा."

"बरं."

पेपरात प्रश्न आला, रोज उशिरा येणाऱ्या कामगाराचं काय कराल? श्रीपतीनं लिहिलं, 'काढून टाकीन.' सगळा पेपर असाच लिहिला आणि अकरा मिनिटांत घरी आला.

कलावतीनं कपाळाला हात लावला. "अहो, माणसाला असं एका झटक्यात काढतात का? आधी त्याला बसवायचं. पाणी द्यायचं. घरचं विचारायचं. मग काय ते बोलायचं."

"एवढंच ना? उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी पेपर ऐन रंगात आला आणि वर्गात भरारी पथक शिरलं. कॉपी पकडायला आलेले लोक ते, पोरांना घाम फुटला. श्रीपती मात्र उठला. पथकाचे प्रमुख प्राध्यापक बिडकर. त्यांचा हात धरून त्यांना आपल्या बाकावर बसवलं. बाटली पुढे केली.

"पाणी घ्या. घरी सगळं बरं आहे ना?"

बिडकर दचकले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "कसलं बरं?" म्हणाले, आणि बोलायला लागले. बदली, गुडघेदुखी, मुलगा बोलत नाही. बोलता बोलता डोळे पुसायला लागले. ते उठेपर्यंत घंटा झाली. श्रीपतीचा एकच प्रश्न लिहून झाला होता.

"कोणता हो तो?" कलावतीनं विचारलं.

"तीन उमेदवारांतून एक निवडा. मी तिसरा निवडला. माझ्या मामाच्या गावचा निघाला."

"अगं बाई! निवड करताना आपला-परका बघायचा नसतो! सख्खा भाऊ असला तरी, लायक नसेल तर तोंडावर नाही म्हणायचं. आणि दिलेला निर्णय फिरवायचा नाही, मग समोरचा रडो की पाया पडो. अजून एक, परीक्षा चालू असताना कुणी का येईना, मान वर करायची नाही!"

"आता चुकतोय होय!"

तिसऱ्या दिवशी तोंडी. समोर परीक्षक म्हणून कोण? बिडकरच! त्यांचा चेहरा खुलला. श्रीपतीनं मान खाली घातली ती घातलीच.

बिडकरांनी सोप्यात सोपं विचारलं. शेवटी म्हणाले, "निदान नाव तरी सांगा." श्रीपती फरशी बघत बसला.

"बरं, संपली परीक्षा," बिडकर म्हणाले, तशी मान वर आली.

बिडकरांनी कागद पुढे ओढला. "श्रीपतराव, पहिला पेपर तपासणाऱ्याकडे शिपाई रोज उशिरा येतो. तुमचं 'काढून टाकीन' वाचून त्या तपासणाऱ्यानं तुम्हाला भरभरून गुण दिलेत. दुसऱ्यात तुम्ही गेलात, पण माझ्यामुळे. मी आज हात सैल सोडला की झालात पास." मग गमतीनं म्हणाले, "तुम्हीच सांगा, करायचं का या उमेदवाराला पास?"

श्रीपती गंभीर झाला. त्यानं उमेदवाराला, म्हणजे स्वतःला, खुर्चीत नीट बसवलं. पाणी पाजलं. घरचं विचारलं, तर घरी सगळं बरं होतं.

मग म्हणाला, "नाही. लायक नाही."

"अहो, मी गंमत केली! करतो मी पास!"

"साहेब, दिलेला निर्णय फिरवायचा नाही."

बिडकरांनी विनवलं, हात जोडले, पुन्हा एकदा रडले. श्रीपती हलेना. खोलीला कुलूप लावायला शिपाई येऊन उभा राहिला. शेवटी बिडकरांनी शून्य लिहिलं, तेव्हा कुठे स्वारी उठली.

घरी कलावती पाटी घासत दारातच बसली होती.

"काय झालं हो?"

"आज बिनचूक! एक उमेदवार होता. बसवला, पाणी दिलं, घरचं विचारलं नि नापास केला. आपलाच माणूस होता, पण नाही बघितलं. बिडकरसाहेब रडले, तरी निर्णय फिरवला नाही."

कलावतीला भरून आलं. "अगं बाई, तुम्हाला थेट निवड करायलाच बसवलं? जिंकलंत की हो! आणि कोण तो बिचारा?"

"नाव विसरायला नको म्हणून तूच लिहून आणलंस की," श्रीपती म्हणाला. "ते काय, तुझ्या हातातल्या पाटीवर."