लाल चिंधीचा भोपळा

किनाऱ्यावरच्या होड्यांना नुकती कुठे इंजिनं लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. चांदणी नावाची एक होडी होती. पळायची वाऱ्यासारखी, आणि वळायची तर अशी, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावी.

तिच्या वाटेवर एका खडकापाशी धाकू पाणबुड्या शिंपले काढायला बुडी मारायचा. खाली माणूस आहे हे कळावं म्हणून तो एक सुका भोपळा लाल चिंधी लावून तिथे बांधून ठेवी.

चांदणी रोज भरधाव यायची आणि भोपळ्याला वीतभर अंतरावरून चुकवून जायची.

"अगं बाई, लांबून जा!" भोपळा लाटांवर हेलकावत ओरडे.

"का रे? कधी धक्का तरी लागला का तुला?"

"नाही लागला, पण..."

पुढचं ऐकायला चांदणी थांबतेय कशाला!

एके सकाळी तिने भोपळ्याला असंच झोकात चुकवलं, आणि पलीकडे चार हातांवर धाकूचं डोकं पाण्याबाहेर आलं. शिंपले शोधता शोधता तो तेवढा सरकला होता. इंजिन बंद होईपर्यंत पाणी लाल झालं.

धाकू जगला. उजवा हात मात्र गेला.

"मी तुला चुकवलं होतं रे," चांदणी रडत म्हणाली.

"मला कशाला चुकवायचं, बाई?" भोपळा म्हणाला. "मी थोडाच बुडणार होतो!"

तेव्हापासून त्या खडकाशी चांदणी इंजिन मंद करते आणि लांबून वळसा घेते. तिथे आता कुणी उतरत नाही. भोपळा धाकूच्या कुडाला टांगलेला आहे.