निष्काम कर्माचा व्हिडिओ

“पण महाराज, तुमच्या मठातही माणसं फुकटच राबतात की! मग मी काय वेगळं करतो?”

विचारणारा होता पुण्याचा निनाद सरपोतदार. ऐकणारे होते डोंगरावरच्या मठाचे म्हातारे महंत, दयाळगिरी. ते ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसले होते.

“राबतात,” महाराज म्हणाले. आणि पुन्हा भाजी निवडू लागले.

निनादची एक वेबसाइट होती. लोक तिथे काहीही विचारायचे. सातबाऱ्यावर वारसाचं नाव कसं लावायचं, शेळीचं पोट फुगलं तर काय करायचं, पंपाची मोटार का तापते. उत्तरं द्यायचे ते दुसरे लोक, निव्वळ हौसेनं. निवृत्त मास्तर, नर्सबाई, वायरमन. कोणी शिवीगाळ केली तर त्याला हाकलायचं कामही तेच करायचे. निनादचं त्यात एकही उत्तर नव्हतं.

मग निनादनं ती सगळी उत्तरं एका परदेशी कंपनीला विकली. तिला आपलं एआयचं, प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारं यंत्र मराठीतून शिकवून तयार करायचं होतं. उत्तरं देणाऱ्यांना हे कळलं पेपरातून. त्या दिवसापासून सगळे गप्प. प्रश्न येतायत, उत्तर एक नाही.

यापुढेही उत्तरं येत राहतील, असा शब्द निनाद त्या कंपनीला देऊन बसला होता. ती आली नाहीत तर व्यवहार मोडणार, त्याची स्वतःची कंपनी बुडणार. गडी घाबरला होता. तोरा मात्र तेवढाच होता.

“तुम्ही फक्त एक छोटासा व्हिडिओ करून द्या. निष्काम कर्मावर. उत्तरं देणाऱ्यांतले कितीतरी जण तुम्हाला मानतात. तुमचं ऐकतील.”

“काय सांगू?”

“हेच. सेवा करत राहावी, फळाची आशा सोडावी.”

“चांगलंच आहे की ते. सांगू. आधी जेवून घे.”

घंटा झाली. निनाद जाऊन थेट पहिल्या पंगतीत बसला. मठाला त्यानं चांगली घसघशीत देणगी दिली होती. पहिला मान आपलाच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

मठाचा स्वयंपाक सांभाळणारी ठकूबाई समोर येऊन उभी राहिली.

“काय केलंत आज?”

“म्हणजे?”

“काम हो, काम! भाकऱ्या थापल्यात? पाणी भरलंत? अंगण तरी झाडलंत?”

“मी... पाहुणा आहे.”

“मग उठा. इथं राबणारे आधी जेवतात. पाहुणे, देणगीवाले मागनं.”

निनाद उठला. सगळ्यांसमोर उठावं लागलं याचा त्याला भयंकर राग आला. पण बोलणार कोणाला? खुद्द महाराजच आमटीची बादली घेऊन वाढत फिरत होते. त्यांनी येताजाता त्याच्या हातात मिठाचं ताट दिलं. मग तोही वाकून वाकून मीठ वाढत सुटला.

शेवटी दोघंच जेवायला उरले. भाजी संपली होती. आमटी तळाला गेली होती, भाकरी उरली होती दीड. महाराजांनी अख्खी त्याला दिली, अर्धी आपल्याला घेतली.

“रोज असंच?” निनादनं विचारलं.

“रोज.”

“आणि काहीच उरलं नाही तर?”

“तर पाणी पितो.”

“महाराज, कंपनी अशी चालत नाही.”

“नसेल चालत, बाबा. मला कुठं कंपनीतलं कळतंय.”

हात धुऊन निनाद कामाला लागला. अंगणात स्टँड रोवला, त्यावर फोन चढवला, महाराजांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या कफनीला छोटा माइक अडकवला.

“हं, बोला.”

महाराजांनी मान वर करून फोनकडे बघितलं.

“फळाची आशा सोडायला सांगायची, होय ना?”

“हो.”

“कोणाला?”

“त्या उत्तरं देणाऱ्यांना.”

“त्यांनी काय मागितलंय?”

“तसं काही नाही. आम्हाला विचारलं का नाही, म्हणतात.”

“पैसे?”

“पैसे... नाही. पैसे नाही मागितले कोणी.”

“आणि फळ कोणाकडं गेलं?”

निनाद स्टँडचा स्क्रू उगाच पिळू लागला. स्वयंपाकघरात ठकूबाई भांडी आपटत होती...

“तुम्ही मला कोंडीत पकडताय,” तो एकदम उसळला. “मी इथं मोठ्या आशेनं आलोय, महाराज! ती माणसं परत कामाला लागली नाहीत तर मी रस्त्यावर येईन. तुम्हाला कळत कसं नाही?”

“कळतंय ना. म्हणून तर व्हिडिओ करायलाच पाहिजे.”

महाराज खुर्चीतून उठले. कफनीवरचा माइक त्यांनी काढला. तो निनादच्या कॉलरला लावला. मग ते सावकाश चालत फोनच्या मागे जाऊन उभे राहिले.

“महाराज... हे काय?”

“बस त्या खुर्चीत,” महाराज म्हणाले. “फोन मी सांभाळतो.”