पलीकडून दिसणारा घाट

एका नदीच्या वळणावर समोरासमोर दोन गावं होती. अलीकडच्या गावचे पाटील भैरोजी, पलीकडच्या गावचे मानाजी. दोघे एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणी या दोन घरांत दिलेल्या, त्यामुळे एका घरात नवं भांडं आलं तरी दुसऱ्या घरात त्याची चर्चा व्हायची.

एका वर्षी मानाजींनी आपल्या काठावर दगडी घाट बांधला. रुंद पायऱ्या, बसायला ओटे. गावाने हौसेने पोहावं, गप्पा माराव्यात म्हणून. दिवाळीला त्यावर पणत्या लावल्या, आणि इकडे भैरोजींच्या पोटात दुखायला लागलं. त्यातच बायको सहज म्हणाली, की ताईकडचा घाट किती छान दिसतो. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. सकाळी दार उघडलं की समोर घाट. दार घराच्या मागल्या बाजूला काढावं का, याचाही त्यांनी विचार करून पाहिला.

शेवटी त्यांनी गाव चावडीवर जमवला. आपल्याही गावाला घाट हवा आणि तो साडूच्या घाटाहून उंच हवा, असं त्यांनी मांडलं. उंचीचं तेवढं ते हळू आवाजात बोलले. खर्चाचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. काठावर गावाची आमराई होती. ती तोडायची, लाकूड विकायचं आणि त्याच जागी घाट बांधायचा.

लोक एकमेकांकडे बघू लागले. पोरं त्या आमराईतल्या वाकलेल्या फांदीवरून पाण्यात उड्या मारायची. नागपंचमीला बायका तिथे झोके बांधायच्या. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथेच दुपारी आडवं व्हायचं. पण पाटलांपुढे बोलणार कोण?

भैरोजींनी कारणं सांगितली. पोरांची पोहायची सोय होईल, म्हणाले. कुणीतरी मागून पुटपुटलं, की पोरं आताही पोहतात. बायकांना विसावा मिळेल, म्हणाले. बायका म्हणाल्या, तो आताही मिळतो. मग पाटलांनी गावाच्या शोभेचा मुद्दा काढला. गावाला शोभा नको, असं कोण म्हणणार?

तेवढ्यात सोनबा नावाचे म्हातारे काठी टेकत उठले.

"पाटील, घाट झाला म्हंजी त्यो नीट दिसायला हुबं कुठं ऱ्हायचं?"

"पलीकडं," भैरोजी बोलून गेले.

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी हसू दाबलंय हे त्यांना कळलं. ते भलतेच चिडले. उद्या पलीकडे जाऊन आपली जागा तिथून कशी दिसते ते बघतो आणि परवा झाडांना कुऱ्हाड लावतो, असं सांगून त्यांनी बैठक मोडली.

दुसऱ्या दिवशी वैशाखाच्या टळटळीत उन्हात ते होडीने पलीकडे गेले. घाटावर चिटपाखरू नव्हतं. पायरीवर पाय ठेवला तर वहाणेतूनही चटका बसला. त्या काठाला झाडच नव्हतं. एका ओट्यावर मानाजी तेवढे बसले होते, डोक्यावर छत्री धरून, समोर टक लावून. ते काय बघतायत म्हणून भैरोजींनीही मान वळवली. समोर आपली आमराई होती. सावलीत माणसं आडवी झाली होती आणि पोरांच्या उड्यांचा आवाज पाण्यावरून इथवर येत होता.

भैरोजींनी आपला बेत सांगितला. आमराई तोडून घाट बांधतोय, तुमच्याहून उंच. त्यांना वाटलं, साडूचा चेहरा पडेल. तो एकदम उजळला. मानाजी सरकून त्यांच्याजवळ आले.

"बांधाच, पाटील. उशीर नका करू. माणसं माझी घ्या. कुऱ्हाडीबी देतो."

भैरोजी त्यांच्याकडे बघत राहिले. या साडूने आजवर त्यांना साधा कंदील उसना दिला नव्हता. मत्सर कसा असतो हे भैरोजींइतकं कुणाला ठाऊक? दिवाळीपासून तो त्यांच्याच ताटात जेवत होता. साडूच्या डोळ्यांत त्यांनी तो लगेच ओळखला. मग त्यांना लाज वाटली, कारण आपलेही डोळे असेच दिसत असणार.

"आमच्या आमराईकडं कधीपास्नं बघताय?" त्यांनी विचारलं.

मानाजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "घाट बांधायच्या आधीपास्नं," ते म्हणाले. "आमच्याकडं सावली न्हाई, म्हणून तर दगड लावलं."

भैरोजींनी पुन्हा गाव जमवला आणि सरळ कबूल केलं, की आपल्याला घाट नकोच होता. तो साडूकडे नसायला हवा होता, एवढंच. आमराई वाचली. मत्सर काही एका दिवसात गेला नाही. आंब्याच्या दिवसांत ते साडूला पाटीभर आंबे धाडायचे आणि भर दुपारी घाटावर बसून खा, असा निरोपही द्यायचे. पण काठाच्या उतारावरून म्हातारी माणसं घसरतात, हे सोनबा कधीपासून सांगत होते. तिथे भैरोजींनी साध्या दगडांच्या चार पायऱ्या बसवून घेतल्या. त्या आंब्याच्या झाडांआड आहेत. पलीकडून दिसतसुद्धा नाहीत.

तात्पर्य: गावाच्या खर्चाने काही करायचं तर त्याचं कारण आधी आपल्या काठावर शोधावं. ते शेजाऱ्याच्या काठावर सापडलं, तर तो खर्च गावाच्या गरजेचा नसतो, आपल्या मत्सराचा असतो.