नदीनं ओवाळणीत मागितलेले गोटे

चूक राजाची होती. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी डोंगराला शिव्या द्यायला नकोत.

एक होता राजा, अजबदेव. त्याचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडून एक नदी यायची, डोंगर मधोमध चिरून अलीकडे उतरायची आणि गावाला पाणी द्यायची. नदी डोंगर चढून कशी आली? चढलीच नाही, बरं का. नदी आधीची. डोंगर मागून आला.

जमिनीच्या पोटात दोन रेडे होते. कपाळाला कपाळ लावून एकमेकांना रेटत बसलेले. ना कुणी हटायचं, ना कुणी दमायचं. ए गोदू, ती गोधडी दोन्हीकडून रेट बघू. मधे कशी फुगून वर आली? तसाच तो डोंगर वर आला. हळूहळू, नखं वाढतात तसा. आणि तो जेवढा वर यायचा तेवढा नदी कापायची. म्हणून तिची वाट कधी अडली नाही.

आता, नुसत्या पाण्यानं कातळ कापत नाही. कापतात ते गोटे. पावसाळ्यात नदी वरून गोटे घरंगळत आणायची आणि खिंडीतला कातळ घासून घासून खाली न्यायची. गोटे म्हणजे तिचे दात.

मग राजानं काय केलं? तिचे दात उपटले. त्या घराण्यात एक रीत होती. गादीवर येणाऱ्यानं आपला बसायचा ओटा बापाच्या ओट्यापेक्षा उंच बांधायचा, आणि तोही नदीच्या गोल गोट्यांचा. आज्यानं खिंडीच्या वरच्या अंगाचे गोटे नेले. बापानं त्याहून जास्त नेले. अजबदेवानं तर गाड्या लावल्या आणि पात्र झाडून नेलं. त्याचा ओटा इतका उंच झाला, की तिथून बोललेलं खाली कुणाला ऐकूच यायचं नाही. पण म्हातारे कारभारी खालून माना हलवायचे. त्यांना ऐकू न येताही पटायचं.

राजानं नदीला बहीण मानलं होतं. भाऊबीजेला तो काठावर पाट मांडून बसायचा. बायका पाण्यात दिवे सोडायच्या, नदी ते भोवऱ्यात गोल गोल फिरवायची. तेच तिचं ओवाळणं. एका वर्षी ओवाळून झालं आणि नदी बोलली.

"दादा, ओवाळणीत मला माझे गोटे दे. डोंगर वर येतोय आणि माझ्याकडे कापायला काही उरलं नाही."

राजा हसला. "अगं, भावाकडे कुणी दगड मागतं का? लोक काय म्हणतील?" आणि त्यानं भरजरी शालू पाण्यात सोडला. शालू खडकाला अडकला आणि कुजला.

मग दुसरी भाऊबीज आली. खिंडीच्या वर पाणी तुंबायला लागलं होतं. नदी म्हणाली, "दादा, गोटे." राजानं सोन्याच्या बांगड्या सोडल्या. कारभारी म्हणाले, "वा! काय मन आहे महाराजांचं!"

राजाची थोरली लेक तुळजा तिथंच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आत्या गोटे मागतेय. बांगड्या मागितल्याच कुठे तिनं?"

सगळ्यात म्हातारा कारभारी वळला. "मोठ्यांच्या व्यवहारात बोलू नये, ताईसाहेब."

"मग मोठ्यांनी नीट ऐकावं तरी!"

"गप्प बस," राजा म्हणाला. मोठ्या माणसांचं हे आवडतं उत्तर. कुठल्याही प्रश्नाला चालतं.

मग तिसरी भाऊबीज. दिवे कसेबसे फिरले. नदी म्हणाली, "दादा, शेवटचं मागते. निम्मे तरी दे."

"आणि माझा ओटा बाबांच्या ओट्याहून बुटका करू?" राजा म्हणाला. त्यानं चांदीची पालखी सोडली.

"बरं," नदी म्हणाली. एवढंच.

मग पुढच्या पावसाळ्यात रेड्यांनी एक जोराचा रेटा दिला. जमीन हादरली. घरोघरची भांडी फळीवरून खाली आली. जो डोंगर नखासारखा वाढायचा, तो एका दणक्यात पुरुषभर वर आला. नदी पूर घेऊन खिंडीशी आली आणि कातळावर आपटली. कापायचं कशानं? शालूनं? तिनं पुन्हा धडक दिली, पुन्हा आपटली. मग तिथंच साठत गेली, तिचं तळं झालं. तळं चहूकडून वाट चाचपत राहिलं. शेवटी डोंगराच्या टोकाला एक सखल जागा सापडली, आणि नदी तिथून दुसऱ्याच खोऱ्यात उतरून गेली. तिकडे धनगरांची चार घरं होती. आणि गोटे होते, हवे तेवढे.

इकडे गावात पात्र उघडं पडलं. मासे चिखलात तडफडत होते. तेव्हा कुठे राजाला कळलं. त्यानं ओटा फोडला, सगळे गोटे गाड्यांत भरले, खिंडीत नेऊन ओतले. ओरडला, "घे ताई! सगळे घे!"

गोटे खडखडले आणि पडून राहिले. पाण्याशिवाय तेही कातळ कापत नाहीत. कारभाऱ्यांनी माना हलवल्या.

तुळजानं गाठोडं बांधलं. "मी आत्याकडे चालले," म्हणाली. तिच्यामागे बाया निघाल्या, त्यांच्यामागे पोरं, गुरं, मग पुरुष. कारभारी सगळ्यांत शेवटी निघाले, पण निघाले. नव्या नदीकाठी नवं गाव बसलं. रेडे अजून रेटतायत, डोंगर अजून वाढतोय, नदी अजून कापतेय. तिथं तिच्या गोट्यांना कुणी हात लावत नाही. सगळे सुखात आहेत.

चला, गोधडी नीट घ्या आणि डोळे मिटा. काय? राजाचं काय झालं?

त्याची नदी गेली, लेक गेली, गाव गेलं. झोपा.