हाराच्या मापाची बॅटरी

वीज यायची पण टिकायची नाही, त्या दिवसांतली गोष्ट. डोंगरातल्या दवाखान्यात एक राउटर होता. गावाचा फोन लागायचा तो त्याच्याच जिवावर, आणि त्याची भूक मात्र चिमणीएवढी, बारा व्होल्टची.

वीज गेली की आधार कुणाचा घ्यायचा, हे ठरवायची वेळ आली. डबीएवढी बॅटरी म्हणाली, "दादा, मी तुमच्याच मापाची. दिवसभर एकट्या तुम्हाला पुरेन."

राउटर हसला. "तुला हार घातला तर तू दिसशील तरी का गं?"

त्याने निवडला तो दोन माणसांनी उचलून आणलेला इन्व्हर्टर. नारळ फुटला, हार पडला. मग पंखे, टीव्ही, साहेबांचा कूलर, सगळे त्याच्या पाया पडायला आले आणि तिथेच चिकटले.

वैशाखात एकदा सकाळीच वीज गेली. दुपारी साप चावलेल्या बाईला लोकांनी उचलून आणलं. नर्स ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागली.

"इन्व्हर्टरमामा, घोटभर तरी द्या!" राउटर कळवळला.

"संपलं रे. कूलरसाहेबांना नाही कसं म्हणणार?"

राउटरचा दिवा विझला. थोड्या वेळाने नर्सने बाईचे डोळे मिटले.

खिडकीत ती डबीएवढी बॅटरी भरलेली पडून होती. तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.