केसो गुरवाचा दगड

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. सांगणाऱ्याच्या पणज्यालाही नक्की ठाऊक नव्हतं, आणि पणजोबा आकड्यांत कच्चेच होते म्हणे. तेव्हा घाटमाथ्यावर पाणसरी नावाचं गाव होतं, गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई होती, आणि राईतल्या देवळात केसो नावाचा गुरव होता.

केसो सकाळी देवीची पूजा करायचा आणि उरलेला सगळा दिवस राईत हिंडायचा. काखेत पोथी, कानावर बोरू. शाई काजळीची, घरीच केलेली. जांभळीला मोहोर कधी आला, नाचण घरटं कशानं विणते, कारवी किती वर्षांनी फुलते, हे सगळं तो ओव्यांत लिहायचा. देवीपेक्षा याचं लक्ष झाडांकडेच जास्त, अशी गावात कुरकुर होती. देवीनं मात्र कधी तक्रार केली नाही.

त्याचा एक नेम होता. जे खरं नाही ते लिहायचं नाही. "एक ओळ खोटी निघाली, की सगळी पोथी खोटी," असं तो म्हणायचा. म्हणून तर गाव त्या पोथीवर चालायचं. मध कधी काढायचा, हिरडा कधी वेचायचा, हे पोथीतून ऐकल्याशिवाय कुणी राईत पाऊल टाकत नसे. असं म्हणतात, की केसो ज्या पाखराची ओवी म्हणायचा ते पाखरू खालच्या फांदीवर येऊन बसायचं. आपल्याबद्दल काही चुकीचं तर लिहिलं नाही ना, हे त्यालाही ऐकायचं असायचं.

केसोचा सगळ्यात जास्त जीव होता झऱ्याजवळच्या बेहड्यावर. त्या जुन्या झाडाच्या ढोलीत दर माघात धनेशाची मादी शिरायची, आतून दार लिंपून घ्यायची, चोच मावेल एवढी फट ठेवायची, आणि नर दिवसभर उंबरं आणून तिला भरवायचा. पिल्लू बाहेर येईपर्यंत हा संसार चालायचा. केसोची बायको भागा त्याला चिडवायची, "त्या धनेशाकडनं शिका कायतरी. त्यो बायकूला भरवतोय, आन् तुमी चार हाका मारल्याबिगर जेवायला बी येत न्हाई."

मग केसोचे डोळे अधू होत गेले आणि एका वर्षात पार गेले. त्यानं पोथी फडक्यात बांधली, फळीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. भागानं आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी तिनं पोथी खाली काढली.

"दोन डोळं गेलं तर गेलं," ती म्हणाली. "गावात काय डोळ्यांचा दुष्काळ हाय? ते बघतील, तुमी ओव्या रचा, मी लिवते."

अक्षरं तिला त्यानंच शिकवली होती. ती मुंग्यांच्या रांगेसारखी वाकडी जायची, पण वाचता यायची.

तेव्हापासून केसो वेशीजवळच्या दगडावर बसू लागला. रानातून येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "वाटेवर काय दिसलं?" पहिल्यांदा लोक म्हणायचे, "काय दिसायचं, केसोबा? रानच की." मग त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. हळूहळू गुराखी थांबून मुंग्यांची वारुळं बघू लागले, मोळीवाल्या बायका पिसं घेऊन येऊ लागल्या. पोथी पुन्हा भरू लागली.

अशात एका आषाढात मोठा वारा सुटला आणि झऱ्याजवळचा बेहडा मुळासकट आडवा झाला. गावानं तो पाहिला. पण केसोबाला सांगायचं कुणी? कुणाचाच धीर होईना. आज सांगू, उद्या सांगू करत माघ उजाडला, आणि मध काढणारा तुळाजी वेशीतून आत आला तेव्हा केसोनं विचारलं, "बेहड्यावर धनेश आला का रं?"

तुळाजी म्हणाला, "आलाय की, केसोबा. मादी आत बसलीया."

एकदा एकानं सांगितलं, मग सगळ्यांनीच सांगितलं. कुणी म्हणालं नर उंबरं आणतोय, कुणी म्हणालं ढोलीचं दार लिंपून झालं. गावातल्या कुणाच्याच मनात पाप नव्हतं. म्हाताऱ्याला सुख वाटावं एवढंच त्यांना वाटत होतं, आणि या मायेपोटी अख्खं गाव रोज वेशीवर खोटं बोलत होतं.

केसो मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. धनेश उडतो तेव्हा पंखांचा आवाज केवढा होतो! लोहाराचा भाता ओढावा तसा. दर वर्षी सकाळी तो आवाज वेशीवरून जायचा. यंदा केसो पहाटेपासून कान देऊन बसायचा आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

वैशाखात एका सकाळी तो भागाला म्हणाला, "पोथी घे. धनेशाची ओवी सांगतो, ती लिही आन् पोथी देवीपाशी ठेवून दे. ही शेवटची."

"शेवटची का?"

"सगळं गाव म्हणतंय पाखरू आलंय, आन् मला पंख ऐकू येत न्हाईत. डोळ्यांपाठोपाठ कान बी गेलं माझं. आता कशाच्या जीवावर लिहायचं?"

तो ओवी सांगू लागला. फार सुरेख ओवी होती म्हणतात. भागानं अर्धी ओळ लिहिली आणि बोरू खाली ठेवला.

"अवं, हे मी लिवनार न्हाई," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "बेहडा न्हाई आता. आखाडात पडला. मी बी बोलले न्हाई, चुकलं माझं."

झाडासाठी केसोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि हळूच म्हणाला, "म्हंजे माझं कान शाबूत हायेत."

हे ऐकून गाव शरमलं. तुळाजी येऊन पायाशी बसला. केसो त्याच्यावर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आता नीट सांग. कुठल्या अंगाला पडला?" मग एकेकानं खरं खरं सांगितलं: मुळं किती उघडी पडलीत, खोडावर अळंबी कशी आलीत, उजेड मिळाल्यावर खाली बेहड्याची रोपं कशी उगवलीत.

दुसऱ्या दिवशी केसोला हाताला धरून तिथं नेलं. पडलेल्या खोडावर बसून त्यानं पडलेल्या झाडाची ओवी म्हटली. असं म्हणतात, की ओवी संपता संपता केसोनं बोट वर केलं. बाकी कुणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. केसोचं बोट त्या आवाजाबरोबर फिरत गेलं आणि ओढ्यापलीकडे थांबलं. लोक तिकडे गेले, तर एका सातविणीच्या ढोलीला नवं दार लिंपलेलं, आणि फटीतून चोच बाहेर.

केसो गेला, भागा गेली. कुणी म्हणतं पोथीला वाळवी लागली, कुणी म्हणतं ती देवीच्या आसनाखाली आहे आणि तिच्यात ती अर्धी ओळ अजून तशीच आहे. दगड मात्र वेशीवर आहे. पाणसरीत कुणीही आलं, की पाण्याचा तांब्या पुढे करून आधी विचारतात, "वाटेवर काय दिसलं?" चांगलं दिसलं असेल तर ते उभ्यानंच सांगायचं. पण झरा आटला, झाड पडलं, घरटं मोडलं, असं सांगायची वेळ ज्याच्यावर येते त्याला केसोच्या दगडावर बसवतात, आणि गाव भोवती उभं राहून ऐकतं. त्याचं सांगून झालं, की गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस त्याच्या हातावर गूळ ठेवतं आणि म्हणतं, "बरं केलंस. आमचं कान शाबूत हायेत."