झाकणावरचे वादन

एकदा एका वृद्ध संगीतगुरूंकडे पियानो शिकणारी शिष्या संगीतसभेच्या आदल्या दिवशी संतापून आली. गेल्या वर्षी तिचे वादन अर्ध्यावर असतानाच लोक उठून चहाला गेले होते. यंदाही तसेच झाले तर पियानो बंद, पुन्हा घरची पेटी धरायची, असे वडिलांनी बजावले होते.

ती बसली आणि पट्ट्यांवर हात आपटू लागली. खिडकीची तावदाने थरथरली.

"बघते आता कोण उठतं ते," ती म्हणाली.

आता गुरूही चिडले. त्यांनी तिचे हात बाजूला सारले, पियानोचे झाकण लावले आणि किल्ली खिशात टाकली.

"हं, आता वाजव."

"कशावर? लाकडावर?"

"त्यावरच."

अपमानाने तिचे डोळे भरून आले. हट्टाने तिने सभेत वाजवायची सगळी रचना झाकणावर ठोकायला घेतली. सूर नव्हतेच, त्यामुळे लपायला जागा उरली नाही. अवघड जागी बोटे पळत होती, सोप्या जागी रेंगाळत होती. डावा हात तर आठवण झाली की मधूनच पडायचा. ती आपणहून थांबली.

"हे ऐकून मीसुद्धा उठले असते, गुरुजी."

गुरू म्हणाले, "तू पेटीच्या घरची. पेटीत डावा हात भाता हलवतो, म्हणून सुरात जीव येतो. इथे भाता दिसला नाही, तर तू डाव्या हाताला सुट्टी दिलीस आणि उजव्याने आरडाओरडा केलास. अगं, इथला भाता म्हणजे लय. ठोका ठरल्या जागी पडतो असा भरवसा बसला, की ऐकणारा पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो. वाट पाहणारा माणूस उठत नाही. मग एखादा ठोका क्षणभर अडवून धर. तुझ्या रागाचा मला राग नाही. तू तो असा उधळतेस, याचा आहे."

किल्ली त्यांनी दिली नाही. संध्याकाळपर्यंत ती झाकणच वाजवत राहिली.

सभेत तिचा राग तसाच होता, पण आता तो डाव्या हाताच्या चालीने चालत होता. आवाज फारसा मोठा नव्हता. बाहेर चहा उकळल्याचा वास आला आणि मागच्या रांगेतले वडील सवयीने अर्धवट उठले. नेमका तेव्हाच तिने एक ठोका अडवून धरला. वडील तसेच थांबले. ठोका पडला, आणि ते खाली बसले.

चौकात, घरात, सभेत घसा फोडणाऱ्या आपण सर्वांनी एकदा झाकण लावून वाजवून पाहावे.